उद्योगवाढीची संस्था कोणाला विचारून?

प्रश्न : आमच्या सोलापुरात उद्योगवाढीसाठी एक स्वतंत्र संस्था असावी, तिने गुंतवणूक आणावी आणि लघुउद्योगांना हात द्यावा, असा विचार उद्योजक मंडळींत चालू आहे. आधी तज्ज्ञांकडून आराखडा करून घ्यावा आणि नंतर मेळावा घेऊन नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्यात, असे बहुतेकांचे मत दिसते. मी यंत्रमाग चालवणाऱ्या कुटुंबातला आहे. हा क्रम योग्य आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आमच्या मते हा क्रम उलटा आहे. हरकती व सूचनांची पद्धत आपल्या अंगवळणी पडली ती 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमामुळे. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि मग ठरलेल्या मुदतीत नागरिकांनी हरकती नोंदवायच्या असतात. ज्याच्या जागेवर आरक्षण पडले आहे, त्याला नकाशात आपला सर्व्हे नंबर शोधता येतो आणि म्हणूनच ही तरतूद त्याच्या कामी येते. संस्थेला असा नकाशा नसतो. तिची घटना नोंदली गेली, संचालक ठरले आणि पैसा कोणाकडून येणार हेही ठरले, की मेळाव्याला आलेल्या माणसाने सुचवायला बोधचिन्हाचा रंग तेवढा उरतो.

याचा थोडा अनुभव आपल्या शहराला आहे. स्मार्ट सिटी अभियानाच्या जानेवारी 2016 मधील पहिल्या 20 शहरांच्या यादीत महाराष्ट्रातून पुणे आणि सोलापूर होते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक शहरात राज्य शासन आणि महापालिका यांच्या समान भागभांडवलाची कंपनी स्थापन करायची होती. त्याच सूचनांत शहर पातळीवरील सल्लागार मंचही होता आणि त्यात लोकप्रतिनिधींबरोबर रहिवासी संघ, करदात्यांची संघटना, झोपडपट्टीवासीयांचा महासंघ यांना जागा होती. कागदावर हे उत्तम होते; परंतु मंचाचे काम सल्ला देण्याचे आणि निर्णय संचालक मंडळाचा, अशी विभागणी असल्यामुळे मंचाने दिलेला सल्ला स्वीकारण्याचे बंधन कंपनीवर नव्हते.

याउलट 2014 चा पथविक्रेता अधिनियम पाहावा. नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्ष महापालिका आयुक्तच असतात, मात्र किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. दर पाच वर्षांनी करायचा पथविक्री आराखडा या समितीच्या शिफारशीवरून होतो. अंमलबजावणी रेंगाळली, हे खरेच. तरीही, ज्याची हातगाडी त्याचे मत, एवढी गोष्ट कायद्याने मान्य केली आणि ती मागून नव्हे, रचनेतच घातली.

आपल्या संस्थेसाठी पहिला प्रश्न म्हणूनच हा, की शहराच्या अर्थकारणात कोण कोण आहे. चादर आणि टॉवेलचे कारखानदार सहज आठवतील, अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील उद्योजकही. विडी कामगार महिला मात्र सहसा बोलावल्या जात नाहीत. मांडीवरच्या सुपात तेंदूपाने आणि तंबाखू घेऊन घरीच विड्या वळणारी, वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेत मोजून देणारी आणि हजारी दराने मजुरी घेणारी बाई सकाळी अकराच्या बैठकीला, तेही हॉटेलच्या सभागृहात, येणार कशी? तिच्यासाठी बैठक विडी घरकुलात किंवा पूर्व भागात, काम आटोपल्यावर आणि गरज असेल तेथे तेलुगूतूनही घ्यावी लागेल. विडीचे काम कमी झाले तर पुढे काय करता येईल, हे तिच्याइतके नेमके कोणताही सल्लागार सांगू शकणार नाही. आणि सल्लागारांचे अहवाल आम्ही बरेच वाचले आहेत.

अशा बैठकांनंतरच घटनेचा मसुदा लिहावा आणि कामगार, मागवाले, किरकोळ व्यापारी यांच्या जागा मताधिकारासह त्यात नोंदवाव्यात. त्या प्रतिनिधींना संस्थेने नेमू नये. त्यांच्या संघटनांनी निवडून पाठवावे. लोकप्रतिनिधी असताना हे सारे कशाला, असा आक्षेप येईल. 2022 नंतर आपल्यासह राज्यातील अनेक महापालिकांवर दीर्घ काळ प्रशासक होते, हे त्याचे पुरेसे उत्तर आहे.

प्रश्न : अशी संस्था कंपनी म्हणून नोंदवली तर तिला माहितीचा अधिकार लागू होतो का?
— त्याच वाचकांचा उपप्रश्न

उत्तर : ती शासनाच्या किंवा महापालिकेच्या मालकीची वा नियंत्रणाखालील असेल, किंवा तिचा खर्च बऱ्याच अंशी सरकारी निधीतून चालत असेल, तर होतो. केवळ खासगी वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला तो थेट लागू होत नाही, म्हणून पैशाचा प्रश्न आधीच विचारून घ्यावा. 2005 च्या अधिनियमाचे कलम 4 फारसे कोणी वाचत नाही. धोरण ठरवताना लोकांशी विचारविनिमय करण्याची काय व्यवस्था आहे, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागताच प्रसिद्ध करावे, असे त्यात म्हटले आहे. ते प्रसिद्ध झालेले नसेल, तर 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून साधा अर्ज करावा आणि विचारविनिमयाच्या बैठकांची इतिवृत्ते व उपस्थितीची यादी मागावी.