आधी थ्रॉम्बिन समजून घे

रक्त गोठवणाऱ्या घटकांचे आकडे पाठ करत बसू नकोस, आधी थ्रॉम्बिन हे एन्झाइम नीट समजून घे. तेच रक्तातल्या फायब्रिनोजेनचं फायब्रिन, म्हणजे गुठळीचे धागे, करतं, प्लेटलेट्सना कामाला लावतं, पाचव्या आणि आठव्या घटकाला चालना देतं. आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या थ्रॉम्बोमॉड्युलिन या प्रथिनाला चिकटलं की तेच थ्रॉम्बिन प्रोटीन सी सक्रिय करून गोठणं आवरतं! हा लगाम सैल पडला की नको तिथे गुठळी होऊ शकते. फॅक्टर व्ही लायडन या आनुवंशिक दोषात बदललेला पाचवा घटक प्रोटीन सीला सहजासहजी दाद देत नाही.

आठवा घटक कमी तर हिमोफिलिया (रक्तस्राव सहज न थांबण्याचा आजार) ए, नववा कमी तर बी. बारावा मात्र वेगळा: तो नसला तर एपीटीटी, म्हणजे चाचणीत रक्त गोठायला लागणारा वेळ, खूप लांबतो, पण त्यामुळे रक्तस्राव होत नाही. म्हणून नुसता रिपोर्ट पाहून घाबरू नकोस, रुग्णाला आधीच्या रक्तस्रावाबद्दल सविस्तर विचार.