अमेरिकेत शंभरेक वर्षं जुनं गिब्सन मँडोलिन घ्यायचं आहे. नक्षीदार 'एफ' घ्यावं की साधं 'ए'? घेताना काय तपासावं?

वाजवायला घेत असाल तर 'ए' घ्या.

'एफ' म्हटलं की लोकांच्या मनात एफ-५ असतं. मिशिगनमधल्या कॅलामझूच्या कारखान्यातून ते १९२२ मध्ये बाहेर पडलं. ते घडवणारा गिब्सनचा अभियंता लॉइड लोअर याची सही आणि तारीख असलेली मँडोलिनं १९२४ पर्यंतचीच. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीत प्रकाराचा जनक बिल मन्रो याचं मँडोलिन ९ जुलै १९२३ च्या सहीचं; फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात त्याला ते १५० डॉलरला मिळालं होतं! आज तशा वाद्याची किंमत लाख डॉलरच्या घरात असते. व्हायोलिनसारखी भोकं आणि लांब दांडी यांमुळे त्याचा आवाज टणक, ठेक्याला धारदार.

पण त्याच काळातल्या एफ-२, एफ-४ ना 'ए' सारखंच एक लंबगोल भोक असतं. तिथे जास्तीचे पैसे मुख्यतः खांद्यावरच्या गुंडाळीसारख्या कोरीव वळीचे आणि सजावटीचे जातात. ऑर्व्हिल गिब्सनने १८९८ मध्ये पेटंट घेतलेली मूळ कल्पना, म्हणजे तबली (वाद्याची वरची लाकडी पाटी) न वाकवता जाड लाकडातून कोरून काढायची, ती साध्यातल्या साध्या 'ए' मध्येही आहे. आवाज गोल, भरदार, जरा रेंगाळणारा. मला तो एफ-५ पेक्षा जवळचा वाटतो.

शक्य असेल तर १९२२-२३ नंतरचं शोधा. तोवर थॅडियस मॅकह्यूने काढलेली ट्रस रॉड, म्हणजे स्क्रूने ताण कमीजास्त करून दांडी सरळ ठेवणारी धातूची सळई, दांडीत बसू लागली होती. शेंड्यावर खुंट्यांच्या मध्ये छोटी झाकणपट्टी दिसली तर ती आहे असं समजा. त्याआधीच्या दांड्या जाड असतात आणि वाकल्या तर स्क्रू फिरवून सरळ होत नाहीत.

म्हणून सर्वांत आधी दांडीच पाहा. एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एकदम दाबा आणि मधली फट बघा. केसाएवढी चालेल, जास्त नको. मग वाद्य डोळ्यांच्या पातळीला आडवं धरून घोडीखालची तबली खचली आहे का ते पाहा. खचली असेल तर तबलीला आतून आधार देणारी पट्टी सुटलेली असू शकते, आणि ती दुरुस्ती महागडी. नीट चिकटवलेल्या जुन्या तड्याला मात्र घाबरू नका. पॉलिश खरवडून नव्याने केलं असेल तर भाव बराच पाडून मागा. मूळ सेल्युलॉइडचा पिकगार्ड (तबलीवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) भुगा होत असेल तर तो काढून वेगळा ठेवा, त्याच्या वाफेने तारा आणि फ्रेट गंजतात. अनुक्रमांक भोकातून आतल्या चिठ्ठीवर दिसतो. त्यावरून साल काढता येतं. विक्रेता सांगतो त्याच्याशी ते जुळवून घ्या.

घरी आणल्यावर आधी .०१० ते .०३४ इंच जाडीच्या हलक्या तारा चढवा. .०४० पर्यंतच्या जाड तारांचा ताण या जुन्या तबल्यांवर टाकू नका.