पॅरिसचे नियम आणि गावचे वाचनालय

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका नोंदणीकृत संस्थेचा खजिनदार आहे. संस्था वाचनालय चालवते आणि गरजू विद्यार्थ्यांना शुल्क भरण्यास मदत करते. बँकेने यंदा कार्यकारिणीतील सर्वांची ओळखपत्रे नव्याने मागितली, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर संस्थेची नोंद आहे का, असे विचारले आणि ‘आंतरराष्ट्रीय नियम आहेत’ एवढेच कारण दिले. हे नियम कोणाचे? ते आपल्यावर बंधनकारक कसे? आणि वाचनालयाचा दहशतवादाशी संबंध काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : हे नियम ‘फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स’ या आंतरशासकीय संस्थेचे आहेत. १९८९ साली पॅरिस येथे भरलेल्या जी-७ देशांच्या परिषदेत तिची स्थापना झाली, तेव्हा तिच्यासमोर मुख्यतः अमली पदार्थांच्या व्यापारातला पैसा होता. दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा रोखण्याचे काम २००१ मध्ये तिच्याकडे आले. तिच्या चाळीस शिफारशी हा करार नव्हे, आणि त्या मोडल्या म्हणून कोणत्याही देशावर खटला चालत नाही. पण सदस्य देशांचे तज्ज्ञ एकमेकांचे मूल्यमापन करतात, अहवाल जाहीर होतो, आणि ज्याची व्यवस्था कच्ची ठरते त्याचे नाव ‘करड्या’ किंवा ‘काळ्या’ यादीत जाते. मग त्या देशाशी व्यवहार करताना परदेशी बँका हात आखडता घेतात, आणि ही धास्ती पुष्कळदा कायद्याहून अधिक परिणामकारक ठरते. भारत २०१० मध्ये सदस्य झाला.

आपल्या बँकेला मात्र पॅरिसचे नव्हे, तर भारताचेच नियम लागू आहेत. मनी लॉन्डरिंग, म्हणजे गुन्ह्यातला पैसा वैध भासवणे, रोखणारा कायदा २००२ चा असून १ जुलै २००५ पासून अमलात आहे. त्याखालील नियमांत मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन, धर्मादाय संस्था ग्राहक असल्यास तिचा तपशील ‘दर्पण’वर असलाच पाहिजे, असे ठरले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नोंद आधी झालेली नसेल, तर ती करण्याची जबाबदारी या नियमाने बँकेवर टाकली आहे. संस्थेने माहिती द्यावी, सहकार्य करावे. पण नोंद नाही म्हणून खजिनदाराने अपराध्यासारखे उभे राहण्याचे कारण नाही. ओळखपत्रांचे म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अधिक जोखमीच्या खात्यांची माहिती किमान दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीच्या खात्यांची आठ वर्षांनी आणि कमी जोखमीच्या खात्यांची दहा वर्षांनी अद्ययावत करायची असते. आपले खाते कोणत्या वर्गात आहे, हे ग्राहकाला सांगायचे नाही, असाही दंडक आहे; त्यामुळे काउंटरवरील कर्मचाऱ्याकडून त्याचे उत्तर मिळाले नाही, तर तो उद्धटपणा समजू नये.

आपल्या शेवटच्या प्रश्नात मात्र तथ्य आहे. स्वयंसेवी संस्थांविषयीची शिफारस आठव्या क्रमांकाची आहे आणि ती सरसकट सर्व संस्थांवर संशय घ्या, असे मुळीच सांगत नाही. कोणत्या प्रकारच्या संस्थांचा दहशतवादी गैरवापर करू शकतील, ते आधी शोधावे, उपाय तेवढ्यांपुरते आणि जोखमीच्या प्रमाणात योजावेत आणि प्रामाणिक संस्थांच्या कामात अडथळा आणू नये, असे तिचे म्हणणे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात भारताला नेमके याच शिफारशीवर ‘अंशतः पालन’ असा शेरा मिळाला : उपाय जोखीम पाहून राबवावेत आणि अर्थपुरवठ्याच्या धोक्यांबाबत संस्थांशी संवाद साधावा, असे भारताला सुचवण्यात आले. म्हणजे ज्या संस्थेचा दाखला देऊन आपल्याकडे कागद मागितले गेले, तिनेच सब घोडे बारा टके हा न्याय चुकीचा ठरवला आहे. माझ्या मते कागद द्यावेत, पण संस्थेचे उत्पन्न कोठून येते आणि मदत कोणाला जाते, याचे एक पानी निवेदनही सोबत जोडावे; जोखीम ठरवणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : त्याच मूल्यमापनात भारत उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला, असे वाचले. मग मांडवीतले कॅसिनो त्यांच्या नजरेत आले नाहीत काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : निकाल खरोखरच चांगला होता. चाळीसपैकी सदतीस शिफारशींचे पूर्ण किंवा बहुतांशी पालन होते, असे ठरले आणि भारत ‘नियमित पाठपुरावा’ या वरच्या श्रेणीत गेला. उरलेल्या तिन्हींत मात्र ‘अंशतः’ हाच शेरा आहे : एक वर सांगितलेली आठवी, दुसरी देशांतर्गत राजकीय पदस्थांच्या खात्यांवरील विशेष लक्षाशी संबंधित, आणि तिसरी, अठ्ठाविसावी, बँकेतर व्यवसायांवरील देखरेखीची. आपला प्रश्न या तिसरीत येतो.

कॅसिनोत धोका असा असतो की, रोख देऊन चिप्स (पैशांऐवजी खेळात वापरायच्या चकत्या) घ्यायच्या, थोडे खेळायचे किंवा खेळायचेच नाही, आणि चिप्स परत करून ते पैसे ‘जिंकले’ म्हणून दाखवायचे. म्हणून तीन हजार डॉलर किंवा युरो अथवा त्याहून अधिक रकमेच्या व्यवहारात ग्राहकाची ओळख पटवून घ्यावी, अशी जागतिक अपेक्षा आहे. भारतात २००९ च्या दुरुस्तीने कॅसिनो मनी लॉन्डरिंगच्या कायद्याखाली आले, तर सराफ आणि जमीन-घरांचे दलाल यांना डिसेंबर २०२० मध्ये काही मर्यादांसह सामील करण्यात आले. आपल्याकडे परवाना राज्याच्या १९७६ च्या जुगार कायद्याखाली मिळतो आणि मनी लॉन्डरिंगचा कायदा केंद्राचा आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही शंका अशा ठिकाणी रास्त ठरते. तरीही अठ्ठाविसाव्या शिफारशीवरील शेरा या सर्व व्यवसायांना मिळून आहे, तो केवळ गोव्याच्या कॅसिनोंवर ढकलणे न्यायाचे नाही. गोव्यापुरते बोलायचे, तर मला जमिनीच्या व्यवहारांची काळजी अधिक वाटते, कारण कॅसिनोत निदान परवाना आणि दाराशी ओळखपत्र असते. जमिनीत मात्र किमतीचा काही भाग दस्तऐवजाबाहेर दिला की तो बँकेला दिसतच नाही.

कायदा असणे आणि तो चालणे यांचे गुणही वेगवेगळे दिले जातात. परिणामकारकतेच्या अकरा निकषांपैकी सहांत भारत ‘भरीव’ आणि पाचांत ‘मध्यम’ ठरला. खटले दाखल होतात, मालमत्ता जप्त होतात, पण निकाल रखडतात, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

प्रश्न : माझा मुलगा दुबईहून पैसे पाठवतो. संयुक्त अरब अमिराती करड्या यादीत असल्याचे ऐकले. अडचण येईल काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. तो देश मार्च २०२२ मध्ये त्या यादीत गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेरही पडला. यादीत नाव असतानाही पैसे पाठवणे बंद होत नसते. मात्र दर बरा मिळतो म्हणून हवालामार्गे रक्कम घेऊ नये. तो परकीय चलन कायद्याचा भंग ठरतो. बँक किंवा अधिकृत एक्स्चेंजमार्गे आलेल्या रकमेची पावती जपून ठेवावी, म्हणजे पुढे त्या पैशांतून घर घेताना स्रोत दाखवता येईल.