वाचकांचे प्रश्न: पीएचडीआधी परदेशात मास्टर्स करावं का?

प्रश्न : भौतिकशास्त्रातली चार वर्षांची पदवी पुढच्या वर्षी पूर्ण होईल. सैद्धांतिक कणभौतिकीत पीएचडी करायची आहे. पहिली पसंती अमेरिका, नाहीतर युरोप. गुण चांगले आहेत, पण संशोधनाचा अनुभव एका उन्हाळी प्रकल्पापुरताच. आधी परदेशात एक वर्षाचं मास्टर्स केलं तर अर्ज भक्कम होईल का?

उत्तर : होईल, पण एक वर्ष उशिरा. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांची पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला संपते, आणि एक वर्षाचं मास्टर्स सुरू होतं सप्टेंबर-ऑक्टोबरात. अर्ज भरताना तिथला एकही निकाल हाती नसतो. ज्यांच्या शिफारसपत्रासाठी एवढा खर्च केला, त्या प्राध्यापकांनीही तुम्हाला जेमतेम दोन महिने पाहिलेलं असतं. ‘वर्गात हुशार आहे’ यापलीकडे ते काय लिहिणार? अशा पत्राने प्रवेश समितीचं मत हलत नाही. केंब्रिजच्या ‘पार्ट थ्री’चं, म्हणजे गणित आणि सैद्धांतिक भौतिकीच्या एक वर्षाच्या मास्टर्सचं, उदाहरण घ्या. अभ्यासक्रम नावाजलेला, पण मुख्य परीक्षा वर्षाच्या अगदी शेवटी. त्याचा फायदा अर्जात दिसायचा तर पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागतं. मधले महिने कोणाच्या हाताखाली, कोणत्या व्हिसावर आणि कोणाच्या पैशावर काढायचे, हे निघण्याआधीच ठरवायला हवं.

दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये ही अडचण बरीच कमी होते. जर्मनीत पहिलं वर्ष व्याख्यानांचं, दुसरं जवळजवळ पूर्ण संशोधनाचं. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात अर्ज केला तर वर्षभराचे गुण जोडता येतात. मात्र संशोधन तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या उन्हाळी सत्रातच एखाद्या गटात शिरा: छोटा प्रकल्प मागा, नाहीतर ‘हिवी’ म्हणजे पगारी विद्यार्थी-सहायकाचं काम. डिसेंबरपर्यंत मार्गदर्शकाला सात-आठ महिन्यांचं काम ठाऊक असेल. तुम्ही कुठे अडलात, वाट कशी काढलीत, हे लिहिलेलं पत्र समिती नीट वाचते.

फीबद्दल थोडक्यात. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणी फी घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य (हायडेलबर्ग, कार्ल्सरुह, फ्रायबुर्ग) युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता फी घेतं. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा, आणि व्हिसासाठी तो आधीच बँकेत दाखवावा लागतो. कॅनडात प्रबंधासह एमएस्सी करणाऱ्यांना सहसा विद्यावेतन मिळतं. सैद्धांतिक विषयासाठी वॉटर्लूच्या पेरिमीटर संस्थेचा वर्षभराचा अभ्यासक्रमही पाहा. अमेरिकेतलं नुसतं मास्टर्स मात्र बहुधा स्वखर्चाचं असतं. तिथे पीएचडीला प्रवेश मिळाला तर फी माफ आणि वर विद्यावेतन, शिवाय मास्टर्सची पदवी बऱ्याच ठिकाणी वाटेतच मिळते. त्यासाठी वेगळं कर्ज काढू नये, असं आमचं स्पष्ट मत.

बाहेरच्या मास्टर्समुळे अमेरिकी पीएचडी फारशी लवकर संपते असंही नाही. काही विषयांतून सूट मिळते, कधी पीएचडीतली पात्रता परीक्षा आधी देता येते, एवढंच. युरोपात चित्र उलटं आहे. तिथे मास्टर्स ही पीएचडीची नेहमीची पायरी, आणि पीएचडी बऱ्याचदा पगारी नोकरी: जागा निघाली की अर्ज करायचा.

तुमच्याकडे चार वर्षांची पदवी आणि चांगले गुण आहेत. याच डिसेंबरात अमेरिकेला थेट अर्ज करा आणि जोडीला युरोपातल्या दोन वर्षांच्या मास्टर्सचेही. उन्हाळी प्रकल्प लांबवून पदवीच्या प्रबंधाला जोडता आला तर लगेच जोडा.

प्रश्न : माझी पदवी तीन वर्षांची आहे. तरी थेट अर्ज करू का?

उत्तर : अमेरिकेत काही विद्यापीठं अशी पदवी मान्य करतात, पुष्कळशी करत नाहीत. अर्जाचं शुल्क भरण्याआधी विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. तुमच्या बाबतीत दोन वर्षांचं मास्टर्स खरोखरच कामाचं आहे.

प्रश्न : फिजिक्स जीआरई (अमेरिकी प्रवेशासाठीची भौतिकशास्त्राची परीक्षा) द्यावी का?

उत्तर : प्रत्येक विभागाच्या पानावर ‘आवश्यक’, ‘ऐच्छिक’ किंवा ‘स्वीकारत नाही’ यांपैकी एक लिहिलेलं असतं, यादी करून पाहा. ‘ऐच्छिक’ असेल आणि तुमचं महाविद्यालय समितीला अपरिचित असेल, तर चांगला गुणांक जरूर पाठवा. मध्यम असेल तर पाठवू नका.