वाचकांचे प्रश्न : 1875 चा दंगा कोणत्या कपाटात?

प्रश्न : एम. ए. च्या लघुप्रबंधासाठी 1875 चे पुणे-नगर भागातले सावकारांविरुद्धचे दंगे हा विषय घेतला आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर ‘डेक्कन रायट्स’ टाकले की दोन पाठ्यपुस्तके येतात, बाकी काही नाही. सगळ्यासाठी पुण्या-मुंबईलाच जावे लागेल का? (विद्यार्थिनी, दौंड)

लगेच नको. कॉलेज जुने असेल तर निम्मे काम तिथेच होईल. पण तुम्ही विषयाचे आजचे नाव टाकून शोधताय आणि त्या वेळच्या कागदांवर ते नाव नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांची खतपत्रे (कर्जाचे लेखी कागद) जाळली गेली, दंगा आजूबाजूच्या गावांत पसरला आणि सरकारने चौकशी नेमली. तिचा मुंबईत 1876 मध्ये छापलेला अहवाल पाहा. शीर्षकात ‘कमिटी’, ‘रायट्स’, ‘पूना’, ‘अहमदनगर’ हे शब्द आहेत, ‘डेक्कन’ नाही. हाच अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला तेव्हा शीर्षकात ‘कमिशन’ आले. म्हणून अख्खे वाक्य टाकू नका. ‘पूना’ आणि ‘रायट्स’ एवढेच टाका. पुण्याचे जुने आणि नवे, दोन्ही इंग्रजी स्पेलिंग वापरून बघा. लेखकाच्या रकान्यात ‘बॉम्बे’ टाकून पाहा, कारण सरकारी अहवालाची नोंद पुष्कळदा लेखक म्हणून सरकारच्याच नावावर असते. मराठी पुस्तकांसाठी देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत शोधा. ‘पेशवा’ हा एकच शब्द रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो.

आता कपाटे. बहुतेक कॉलेजांत ड्युई पद्धत असते, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तके लावतात. 954 म्हणजे भारताचा इतिहास, 954.035 म्हणजे 1857 नंतरचा ब्रिटिश काळ. तुम्ही तिथेच उभ्या राहिलात तर फसाल. कर्ज आणि सावकारी 332.7 ला, शेतीचे अर्थकारण 338.1 ला, जमीनधारा 333 ला आणि दुष्काळ 363.8 ला मिळेल. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) समग्र वाङ्मयात असल्याने अनेकदा मराठीच्या 891.46 मध्ये जाऊन बसतो. तुमच्या विषयाचे शेतकरी इतिहासापेक्षा अर्थशास्त्राच्या कपाटात जास्त भेटतील. तिकडे इतिहासाचे विद्यार्थी फारसे फिरकत नाहीत, म्हणून ती पुस्तके तशीच कोरी राहतात, याचे वाईट वाटते.

गॅझेटिअर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) 915.4 ला किंवा संदर्भ विभागात असते. ते घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचायचे. कॅम्पबेलने संपादलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा 18 वा खंड पुणे जिल्ह्याचा (1885, तीन भागांत) आणि 17 वा नगरचा (1884). यातही एक खाच आहे. दंग्याची हकीकत इतिहासाच्या प्रकरणात शोधली तर हाती काही लागत नाही, ती ‘कॅपिटल’ (भांडवल) या प्रकरणात आहे. सावकार कोण, व्याजाचा दर काय, कुळ कसे बुडते, हे सांगता सांगता लेखक दंग्यावर येतो. सरकारच्या लेखी हा कर्जवसुलीचा प्रश्न होता, हे त्या मांडणीवरूनच कळते. शेजारीच पुणे जिल्ह्याची 1954 ची सुधारित आवृत्ती उभी असेल. दोघांचा वर्गांक सारखा असू शकतो, तेव्हा हातात घेतल्यावर आधी साल बघा.

संगणकावर काहीच नसेल तरी पुस्तक नाही असे समजू नका. संगणकीकरण झाले तेव्हा पुष्कळ ठिकाणी रोज देवघेवीची पुस्तके आधी चढवली, 1950 पूर्वीची आणि देणगीत आलेली मागे राहिली. ग्रंथपालांना दोन गोष्टी मागा : जुन्या कार्डांचे ड्रॉवर आणि दाखल नोंदवही. नोंदवहीत पुस्तके आली त्या क्रमाने लिहिलेली असतात. एखाद्या वकिलाने किंवा संस्थानिकाने दिलेला संग्रह एका ओळीने सलग पन्नास-शंभर नोंदींत सापडतो. तो दाखल क्रमांक परिचरांना दिला की कपाट तेच दाखवतात. शेरा रकान्यात ‘रद्द’ किंवा ‘गहाळ’ असेल तर तेही टिपून घ्या, म्हणजे त्याच पुस्तकामागे आठवडा जाणार नाही.

प्रश्न : त्याच वर्षीचे ‘केसरी’चे अंक कुठे मिळतील? (विद्यार्थी, श्रीगोंदा)

मिळणार नाहीत, ‘केसरी’ 1881 मध्ये सुरू झाला. ‘दीनबंधू’सुद्धा 1877 चा. तुमच्या कामाची पत्रे पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ (1849 पासून) आणि मुंबईचे ‘इंदुप्रकाश’ (1862 पासून). कॉलेजात मूळ अंक नसले तरी देशी वृत्तपत्रांचे सरकारी साप्ताहिक गोषवारे आधुनिक ग्रंथांच्या तळटीपांतून मिळतात आणि मूळ प्रती मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आहेत. एक पथ्य पाळा. गोषवारा म्हणजे सरकारी अनुवादकाने निवडून इंग्रजीत केलेला सारांश. तो ‘अमुक पत्राने असे म्हटले’ म्हणून अवतरणचिन्हांत देऊ नका.

तळटीपांत ‘आर. डी.’ किंवा ‘जे. डी.’ दिसले तर महसूल आणि न्याय खाते. पुढे साल, खंड आणि प्रकरणाचा क्रमांक असतो. अभिलेखागारात हेच आकडे मागणीपत्रावर लागतात, तेव्हा कॉलेजातच वहीत नीट उतरवून घ्या. जाताना ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचे शिफारसपत्र न्या.

प्रश्न : पेशवेकालीन छापील पत्रांत ‘सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ’ अशी तारीख आहे. हे साल कसे काढायचे? (प्राध्यापिका, कराड)

हे अरबी आकडे आहेत आणि ते एककापासून सुरू होतात. इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000. बेरीज 1161. सुहूर सन (मराठी कागदांत वापरलेली कालगणना) मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या सुमारास बदलतो. पत्र तिथपासून डिसेंबरपर्यंतचे असेल तर 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचे असेल तर 600. म्हणून 1161 हे सन 1760-61 चे, पानिपतच्या मोहिमेचे. 14 जानेवारी 1761 तपासून पाहा : 1161 अधिक 600. शके 1682 मध्ये जानेवारीसाठी 79 मिळवा, तेही 1761 येते. फसली सन (महसुली वर्ष) ही मृगालाच बदलतो, त्यात 590 किंवा 591 मिळवा.

चुका दोन ठिकाणी होतात. सरसकट 600 मिळवले की आषाढ-श्रावणातले पत्र एक वर्ष पुढे सरकते आणि मोहिमेचा क्रमच बिघडतो. दुसरी चूक वाचण्यातली : सित 6 आणि सितैन 60, सबा 7 आणि सबैन 70, समान 8 आणि समानीन 80. घाईत शेवटचा ‘ऐन’ किंवा ‘ईन’ सुटतो. तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढची तारीख हिजरी महिन्याची. ती इंग्रजी तारखेत आणायला अंदाज चालत नाही, जंत्रीच (तारखांचे कोष्टक) लागते. 1728 ते 1889 साठी मोडकांची जंत्री संदर्भ विभागात मागा. संपादकाने कंसात दिलेली इंग्रजी तारीखही एकदा स्वतः पडताळा.

प्रश्न : जुन्या अहवालाची पाने हात लावताच तुटतात. झेरॉक्स काढू का? (विद्यार्थी, नगर)

मुळीच नको. पुस्तक काचेवर उलटे दाबले की बांधणी मोडते आणि कडा गळतात. परवानगी घेऊन मोबाइलने फोटो काढा. पुस्तक सपाट न उघडता साधारण काटकोनात ठेवा, वरच्या पुठ्ठ्याला दुसऱ्या पुस्तकाचा टेकू द्या, फ्लॅश बंद ठेवा. पहिला फोटो मुखपृष्ठाचा, दुसरा त्यामागच्या पानाचा, तिसरा दाखल क्रमांकाच्या शिक्क्याचा, मग मजकूर. प्रत्येक चौकटीत पृष्ठांक आला पाहिजे. परिशिष्टांची पाने बहुधा पुन्हा 1 पासून सुरू होतात, म्हणून फोटोच्या नावात ‘परिशिष्ट’ हा शब्द आणि त्याचे अक्षर लिहा, नाहीतर पान 42 कोणते ते दोन महिन्यांनी तुम्हालाच सांगता येणार नाही.