वाचकांचे प्रश्न : चाकाचे बेअरिंग कंपनीचे घ्यावे की बाजारातले?

प्रश्न : माझी १२५ सीसीची मोटारसायकल सात वर्षांची आहे. रोज पहाटे दुधाचे दोन कॅन बांधून संकलन केंद्रावर जातो आणि त्यातला निम्मा रस्ता काळ्या मातीचा आहे. मागच्या चाकाची बेअरिंग वर्षभरात दोनदा बदलली, तरी पुन्हा घरघर सुरू झाली आहे. मेस्त्री म्हणतात, कंपनीचाच माल आणा. बेअरिंगच्या दुकानदाराचे म्हणणे असे, की आकडा तोच असला म्हणजे झाले, आणि तो निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, माजलगाव तालुका (जि. बीड)

उत्तर : दोघांचेही निम्मे बरोबर आहे, पण आपल्या गाडीचा दोष या दोघांच्या वादात बहुधा नाहीच.

आधी दुकानदाराचे म्हणणे पाहू. बेअरिंगवरचा आकडा जगभर एकाच पद्धतीने दिला जातो. उदाहरणार्थ, ६२०३ या आकड्यातले शेवटचे ०३ म्हणजे आतले भोक १७ मिलिमीटरचे. या मालिकेत बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२ मिलिमीटर ठरलेली असते. (०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचे.) त्यामुळे कोणत्याही कारखान्याचे ६२०३ त्या जागेत बसते, हे खरे. मात्र पोलाद कसे आहे, गोळ्या किती अचूक घासलेल्या आहेत आणि आत ग्रीस कोणते व किती भरले आहे, याविषयी हा आकडा काहीच सांगत नाही.

मेस्त्रींच्या सल्ल्यातही असाच एक अर्धा भाग सुटला आहे. मोटारसायकल तयार करणाऱ्या कंपन्या सर्वसाधारणपणे बेअरिंग स्वतः घडवत नाहीत. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि त्याच्या आसपास सुटे भाग पुरवणाऱ्यांची मोठी वसाहत उभी राहिली, हे मराठवाड्याच्या वाचकाला सांगायला नको. जालन्यात एनआरबीचा बेअरिंगचा कारखानाही आहे. एसकेएफ, एफएजी, एनबीसी, एनटीएन यांच्यासारख्या उत्पादकांकडून गाडीच्या कंपन्या बेअरिंग घेतात, आणि तशाच एखाद्या उत्पादकाचे बेअरिंग गाडीच्या कंपनीच्या पाकिटातही निघते. तेव्हा चाकापुरते बोलायचे तर नामवंत उत्पादकाचे, त्याच आकड्याचे आणि त्याच प्रकारच्या झाकणाचे बेअरिंग त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतले, तर कंपनीच्या पाकिटाचे जास्तीचे पैसे वाचवण्यात मला काहीही गैर दिसत नाही. गाडी वॉरंटीत असती तर सल्ला वेगळा दिला असता.

झाकणाकडे मात्र बारकाईने पाहावे. आकड्यापुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबराचे सील असते, आणि झेडझेड किंवा २झेड असेल तर पत्र्याचे झाकण असते, ज्याच्या कडेला बारीक फट राहते. काही उत्पादक रबरी सीलसाठी डीडीयू किंवा एलएलयू अशी अक्षरे वापरतात. पत्र्याचे झाकण धूळ बऱ्यापैकी अडवते, पण मृगाच्या चिखलातून गाडी काढल्यावर किंवा वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसणारा भाग) धुतल्यावर पाणी आत शिरते. रबरी सीलमुळे चाक जड होते असे कोणी सांगितल्यास तिकडे लक्ष देऊ नये. ताशी ८० किलोमीटर वेगालाही चाक मिनिटाला सुमारे ७०० फेरेच घेते आणि असे सील त्याच्या कितीतरी पट वेग सहज सोसते.

आता मूळ दुखणे. दुधाच्या कॅनच्या वजनाने बेअरिंग जाते, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे, म्हणून थोडे गणित मांडतो. चांगल्या ६२०३ ची गतिक भारक्षमता (फिरत्या बेअरिंगचे आयुष्य मोजण्यासाठी धरायचा भार) सुमारे साडेनऊ किलोन्यूटन असते. मागच्या चाकावर २०० किलो वजन धरले तर हबच्या दोन बेअरिंगपैकी प्रत्येकावर साधारण एक किलोन्यूटन भार येतो. भारक्षमतेला भाराने भागून येणाऱ्या संख्येचा घन केला, की तितके दशलक्ष फेरे शंभरातल्या नव्वद बेअरिंगनी काढावेत असा नियम आहे. आपल्या चाकाच्या घेराने ते अंतर सोळा लाख किलोमीटरच्या घरात जाते. खड्ड्यांचे हादरे आणि साखळीचा ओढा धरून भार तिप्पट मानला, तर आयुष्य सत्तावीस पटींनी घटते, आणि तरीही साठ हजार किलोमीटर उरतात. आपली बेअरिंग सहा-सहा महिन्यांत गेली. म्हणजे त्यांना भाराने मारलेले नाही. पाणी, चुकीची बसवणूक किंवा बनावट माल यांपैकी काहीतरी कारण आहे.

ते शोधण्यासाठी काढलेले बेअरिंग फेकून न देता सील उचकटून आत पाहावे. ग्रीस तांबूस झालेले असेल तर पाणी गेले आहे, आणि मग हबचे ऑइल सीलही बदलावे लागेल. गोळ्यांची वाट खोबणीच्या मधोमध नसून एका कडेला सरकलेली दिसली, तर दोन बेअरिंगमधला स्पेसर (अंतर राखणारी नळी) झिजलेला आहे किंवा मागच्या वेळी बसवायचाच राहिला आहे. अशा वेळी एक्सलचा नट आवळला की आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि उत्तमातले उत्तम बेअरिंगही फार दिवस टिकत नाही. खोबणीत गोळ्यांच्या अंतराने खड्डे उमटलेले असतील तर हातोडीचे ठोके आतल्या कडीवर बसले आहेत. हबमध्ये बेअरिंग बसवताना दाब केवळ बाहेरच्या कडीवर यायला हवा. त्यासाठी त्याच मापाचा पाना-सॉकेट किंवा जुनी कडी ठेवून सरळ दाबावे, आणि हब आधी थोडे गरम करून घेतले तर ठोकण्याची गरज फारशी उरत नाही.

बाहेरची कडी बाहेरून चकाकत असेल तर ती हबमध्ये फिरते आहे असे समजावे. हबला पंचाचे ठिपके मारून किंवा डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून ती घट्ट करण्याची आपल्याकडची रीत मला मुळीच मान्य नाही, कारण त्यामुळे बेअरिंग तिरके बसते. लेथवर बुश घालून घ्यावे, नाहीतर हब बदलावे. आणखी एक, स्प्रॉकेटच्या बाजूच्या ड्रममध्येही एक बेअरिंग असते. हबची दोन बदलताना ते पुष्कळदा जुनेच राहते आणि घरघर तिथूनच येत असते.

बनावट मालाची शंका असल्यास खोक्याच्या छपाईवर विसंबू नये, कारण ती हुबेहूब करता येते. एसकेएफने, तसेच एफएजीची मूळ कंपनी असलेल्या शेफलरनेही मालाची खातरजमा करण्यासाठी मोबाइल ॲप दिलेली आहेत. दुकानदार आकडा व उत्पादकाचे नाव लिहून पक्की पावती देत नसेल, तर निम्मी किंमत कुठून आली ते वेगळे सांगायला नको.

प्रश्न : इंजिनमधून आवाज येतो. क्रँकचे बेअरिंग गेल्याचे निदान झाले आहे. आपण वर दिल्यासारखाच हिशेब तिथेही लावता येईल का? जुन्या बेअरिंगवर सी३ असे लिहिले आहे. – एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : नाही, इथे मी कंपनीचे पाकीट घ्यायला सांगेन. सी३ म्हणजे गोळ्या आणि कड्या यांच्यामधली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त ठेवलेली आहे. १७ मिलिमीटरच्या भोकासाठी साधी मोकळीक ३ ते १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर सी३ मध्ये ती ११ ते २५ मायक्रॉन असते. इंजिन तापल्यावर आणि कडी शाफ्टवर घट्ट बसल्यावर ही मोकळीक कमी होते. मुळात साधे बेअरिंग घातले तर ते गरम इंजिनात आवळले जाऊ शकते. शिवाय क्रँकच्या बेअरिंगसाठी पिंजरा (गोळ्या अंतराने धरून ठेवणारा भाग) आणि मोकळीक खास मागणीनुसार ठरवलेली असू शकते, आणि दुकानातल्या साध्या आकड्यावरून ती कळत नाही. ते इंजिनच्या तेलावर चालत असल्याने रबरी सीलचे बेअरिंग तिथे चालणार नाही. इंजिन खोलून पुन्हा बांधण्याची मजुरी बेअरिंगच्या किमतीच्या कितीतरी पट असते, तेव्हा इथे काटकसर करू नये.

प्रश्न : हँडल मधोमध आल्यावर अडकल्यासारखे वाटते. सुट्या गोळ्यांऐवजी टेपर (निमुळत्या) रोलरचा कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचा बेअरिंग-संच, टाकू का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : टाकावा, मात्र आपल्याच मॉडेलसाठी विकला जाणारा असेल तरच, कारण काही संचांची उंची मूळ संचापेक्षा वेगळी असते. वरच्या व खालच्या वाट्या जुन्या ठेवू नयेत. अडकते ते त्यांतल्या खड्ड्यांमुळेच. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यावा. पुढचे चाक उचललेले असताना हँडल दोन्ही बाजूंना आपल्या वजनाने पडले पाहिजे, आणि फोर्क धरून पुढे-मागे ओढल्यास खटका जाणवता कामा नये.