लाकडी बाण: रंगाचा डबा उघडण्याआधी

तुम्ही लिहिलंय की ४० पाउंड ओढीच्या रिकर्व्हसाठी (टोकं पुढे वळलेल्या धनुष्यासाठी) सुतारकामाच्या गोल काठ्या आणून बाण करायचेत आणि ते नॉकपासून, म्हणजे मागच्या टोकाच्या दोरी अडकवायच्या खाचेपासून, पुढच्या टोकापर्यंत गडद रंगात रंगवायचेत. आधी केलेले दोन बाण मात्र सारखे डावीकडे जातात. बाण देखणा असावा ही हौस मला मनापासून पटते, पण रंग शेवटी. रंग एकदा चढला की खालचं लाकूड दिसत नाही, आणि लाकडी बाणात लाकूड दिसत राहणं फार महत्त्वाचं असतं.

शाफ्ट, म्हणजे बाणाची काठी, हातात फिरवून बघा. समोरासमोरच्या दोन बाजूंवर लाकडाच्या वाढीच्या वलयांच्या बारीक समांतर रेघा दिसतील, उरलेल्या दोन बाजूंवर लांबट टोकदार नक्षी. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावायला हव्यात. मध्येच तिरक्या होऊन कडेने बाहेर पडत असतील तर बाण सुटताना तिथेच फाटू शकतो, आणि ते धारदार तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. सुतारकामाच्या काठ्या रेषा बघून कापलेल्या नसतात, म्हणून त्यातल्या बऱ्याच बाद कराव्या लागतात. गाठ दिसली की ती काठीही बाद, तिथे दयामाया नको. पोर्ट ऑरफर्ड सीडर, सिट्का स्प्रूस आणि डग्लस फर ही लाकडं बाणांसाठी नावाजलेली आहेत ती त्यांच्या सरळ, लांब रेषांमुळे. बर्च आणि ॲश जड आणि चिवट असतात, पण वाकले तर सरळ करताना घाम काढतात.

आता डावीकडे जाण्याबद्दल. तुम्ही उजव्या हाताने दोरी ओढत असाल आणि बाण डावीकडे जात असतील, तर पहिला संशय शाफ्ट जास्त कडक असल्याचा घ्या. सुटताना बाण आधी वाकतो आणि धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढे जातो. कडक बाण पुरेसा वाकत नाही. हा कडकपणा, म्हणजे स्पाइन, घरी मोजता येतो. २६ इंच अंतरावर दोन आधार ठोका, त्यावर शाफ्ट ठेवा, मधोमध २ पाउंड, म्हणजे साधारण ९०७ ग्रॅम वजन टांगा आणि शाफ्ट किती झुकला ते इंचात मोजा. २६ ला त्या आकड्याने भागलं की स्पाइन पाउंडात मिळतो. ०.६५ इंच झुकला तर ४०, ०.५२ इंच झुकला तर ५०. मोजताना समांतर रेघांची बाजू वर ठेवा. तुमच्या धनुष्याला सुरुवातीला ४० ते ४५ मधले शाफ्ट घ्या आणि थोडे लांब ठेवा. बाण कापून आखूड केला की कडक होतो, टोक जड लावलं की मऊ वागतो. लांब बाण कापता येतो, आखूड वाढवता येत नाही.

संचातले सगळे बाण एकमेकांशी जुळायला हवेत. स्पाइन ५ पाउंडांच्या आत आणि वजन १० ग्रेनांच्या (ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) आसपास जुळलं तर निशाणा लावताना फरक जाणवतो. पूर्ण बाणाचं वजन धनुष्याच्या दर पाउंडामागे ८ ते १० ग्रेन धरा, म्हणजे तुमच्यासाठी ३२० ते ४००. याहून फार हलका बाण धनुष्याला मारक ठरतो.

नॉकची खाच वलयांना आडवी यायला हवी. त्यामुळे समांतर रेघांची बाजू धनुष्याकडे येते आणि दोरीच्या जोराने शाफ्ट उभा चिरत नाही. खाच लाकडातच कापणार असाल तर तिच्या खाली दोरा घट्ट गुंडाळून गोंद लावा. वरच्या बाजूची टोकदार नक्षी पुढे, टोकाच्या दिशेने राहू द्या. बाण तुटलाच तर तुकडा हातापासून दूर जाण्याची शक्यता वाढते.

पिसं एकाच पंखाची घ्या. डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं एका बाणावर मिसळली तर बाणाला एकसारखी गिरकी मिळत नाही. प्रत्येक पिसाच्या कण्याचं पुढचं टोक तासून पातळ करा आणि त्यावर गोंदाचा थेंब किंवा दोऱ्याचे वेढे द्या, नाहीतर ते हाताला कापतं. दोऱ्याने पिसं बांधण्याची रीत फार जुनी आहे. १९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झीच्या, म्हणजे बर्फात टिकून राहिलेल्या माणसाच्या, तयार बाणांवरही पिसं बर्चच्या डांबराने चिकटवून दोऱ्याने गुंडाळलेली होती.

आता सजावट, मोकळ्या मनाने. बारीक पॉलिश पेपरने घासून तेल किंवा पारदर्शक वार्निशचे दोनतीन पातळ हात द्या. मधल्या वाळण्याला घाई नको. पिसांचा गोंद तुमच्या वार्निशवर धरतो की नाही हे उरलेल्या तुकड्यावर आधीच तपासा. रंगीत पट्टे नॉकपासून पिसांच्या थोडं पुढेपर्यंतच ठेवा. दोरी चढवलेल्या धनुष्यावर बाण जिथे टेकतो तिथपर्यंत पट्टे आले तर लवकर घासले जातात, आणि मागे रंगाचे जाड थर चढले तर तोलही बिघडतो.

पट्टे मारताना ब्रश स्थिर धरा आणि शाफ्ट फिरवा. दोन खाचांच्या ठोकळ्यांवर ठेवून हाताने फिरवला तरी चालतं. आधी रुंद पट्टे, ते वाळले की त्यांच्या कडांवर काळ्या किंवा सोनेरी रंगाची बारीक रेघ. ती रेघ कडेचं सगळं वाकडंतिकडं झाकते, आणि पट्ट्यांचं खरं सौंदर्य तिच्यातच आहे. तळाचा रंग पांढरा किंवा पिवळा घेतलात तर गवतात पडलेला बाण पटकन सापडतो. गडद रंग आवडतोच आहे तर तो बारीक रेघांसाठी वापरा.

मधला आणि पुढचा भाग पारदर्शकच राहू द्या, ही माझी आग्रहाची विनंती. प्रत्येक वेळी बाण मारण्याआधी तो दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवायचा, फिरवून पुन्हा वाकवायचा, कान लावून करकर ऐकायची, उजेडात चीर शोधायची. दगडावर आपटलेला बाण तर न तपासता पुन्हा लावायचाच नाही. चीर दिसली तर बाण मोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी चुकून उचलणार नाही. आणि हे बाण कंपाउंड (कप्प्यांच्या) धनुष्यावर कुणालाही लावू देऊ नका.

तुमच्या त्या दोन बाणांचा स्पाइन मोजून आकडे इथे लिहा, सोबत बाणाची लांबी आणि टोकाचं वजनही. मग कापायचं की टोक बदलायचं ते नेमकं सांगता येईल.